पाथरवट चौकातला मोकळा गोल

पाथरवट चौकात नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: कारंजं कोपऱ्यात का? मधोमध फरशीचा एवढा मोठा गोल मोकळा, ना बाक, ना झाड. आणि कारंजं मात्र शिक्षा झाल्यासारखं कडेला. मग हारवाले दाजी सुई शेवंतीत खोचून ठेवतात आणि सांगू लागतात.

पूर्वी हा चौक म्हणजे नुसतं तापलेलं डांबर. कुणी घटकाभर टेकत नसे. तो सुधारायचं काम शर्वाणी नावाच्या तरुण आर्किटेक्टकडे आलं. तिची दीड वर्षाची लेक रुंजी कितीतरी दिवस धड झोपली नव्हती. आराखडा आणि आईपण, दोन्हींत आपण काठावर पास, असं शर्वाणीला वाटे म्हणे.

एका दुपारी लेकीला घेऊनच ती मापं घ्यायला आली. मधोमध खडूने कारंज्याची खूण केली, टेप गुंडाळून वळली, तर रुंजी नेमकी त्या खुणेवर आडवी. धावत जाऊन हात लावला, तर डांबर गार. पोर गाढ झोपलेली, आणि तिच्या अंगावर पानांची सावली हलत होती. वर मात्र नुसतं आभाळ.

शर्वाणीने हाका मारल्या. उचलू पाहिलं. एवढीशी पोर, पण जागची हलेना.

दाजींची आई कोंडाबाई कडेला फुलांच्या टोपलीशी बसली होती. ती म्हणाली, "हितं कडुनिंब होता. आम्ही बाया दगड फोडायचो, पोरं त्याच्या फांदीला झोळीत निजायची. झाड तोडलं, पण आता पुरे, असं त्याला कुणी सांगितलंच न्हाई. त्याच्याकडनं मागून घे."

"माझं बाळ दे," शर्वाणी म्हणाली. वर कुठेतरी दोरी कुरकुरली, बस्स.

"समद्याच माझं म्हणत्यात, पोरी. त्याला कसं कळावं? नाव घे. आन् काय देणार ते बी सांग."

"माझ्या रुंजीला दे. इथं मी काही बांधणार नाही. जागा तुझीच."

रुंजी एकदम हलकी झाली, डोळे चोळत उठली. झोपली होती डांबरावर. गालावर मात्र लुगड्याच्या काठाची नक्षी उठली होती.

कारंजं कोपऱ्यात गेलं. आपलं मोजमाप चुकलं, असं शर्वाणीने साहेबांना सांगितलं. त्यांचा लगेच विश्वास बसला, याचंच तिला जरा वाईट वाटलं म्हणे.

आजही भर उन्हात आया पोरांना त्या गोलात निजवतात, आणि उचलताना नाव घेऊनच मागतात. नुसतं 'माझं दे' कुणी म्हणत नाही. कारण गोलात एकच पोर निजलेलं असलं, तरी कुरकुर बऱ्याच झोळ्यांची ऐकू येते.