काठीचं लुगडं

खारवण्याच्या खाडीत पावसाळा सरला, की गलबतं पाण्यात लोटायची घाई सुरू होते. डोलकाठी उभी राहते. वरच्या फळ्यांच्या तक्तपोशीत ठेवलेल्या भोकातून ती खाली उतरते, तळाच्या खोबणीत बसते, आणि भोकाच्या कडेने सुतार लाकडी पाचरी ठोकतो. मग तो आपली हत्यारं आवरून खाली येतो. काठीभोवतीची उरलेली फट बुजवणं हे त्याचं काम नाही, नाखव्याच्या घरच्या बाईचं आहे. ती धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं जुनं लुगडं घेऊन वर चढते आणि काठीला नेसवते. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. धक्क्यावर जाळं विणत बसलेले बाबल तांडेल मग त्यांना सावलीत बोलावतात आणि आवडाईची गोष्ट सांगतात.

आवडाई म्हणे पदाजी नाखव्याची बायको. माहेर समुद्रकाठीच, पण दोन भूशिरं ओलांडून पलीकडे. तिथे तिच्या अंगणात उंडीचं एक झाड होतं, सरळसोट, माडाशी उंचीची पैज लावणारं. आवडाईची आई त्याच्या सावलीत भात पाखडायची, त्याच्या फांदीवर लुगडं वाळत घालायची. लेकीचं लग्न व्हायच्या आधीच आई गेली. मागे राहिलं ते तिचं एक तांबड्या काठाचं लुगडं. तेच घेऊन आवडाई सासरी आली.

पदाजीने नवं गलबत बांधायला घेतलं तेव्हा त्याला मनासारखी काठी कुठे मिळेना. सासऱ्याने अंगणातली उंडी देऊ केली, पण म्हणाला, ‘‘आवडीला विचारा. झाड तिच्या आईचं.’’ आवडाईने आईचं लुगडं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, ‘‘न्या. निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी राहील.’’

काठी दिमाखात उभी राहिली, पण गलबताला लाभेना. पहिल्याच फेरीत काठीच्या फटीतून पाणी आत आलं. पदाजीने फटीत राळ ओतली. वाऱ्यात काठी डुलली आणि वाळलेल्या राळेला भेगा गेल्या. त्याने पाचरी आणखी घट्ट ठोकल्या, तर भोकाकडच्या फळ्याच उकलल्या. खलाशी कुजबुजू लागले, ‘‘झाड मनातून आलेलं नाही. असली काठी एक दिवस बुडवणार.’’ दिवाळीनंतर दुसरी काठी बघायची, असं पदाजीनेही ठरवलं. आवडाईने ते ऐकलं आणि वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

तेवढ्यात माहेरहून सांगावा आला, बाप आजारी आहे. पायवाटेने जायचं तर वाटेत खाड्याच खाड्या. पदाजीने तिला गलबतावर घेतलं. आईचं लुगडं तिने उशाला घेण्यासाठी गाठोड्यात बांधलं होतं. दुपारी वारा मंद होता, पाणी तेलासारखं संथ होतं. काठीला पाठ टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती माहेरच्या अंगणात होती, असं सांगतात. अंगणात गुडघाभर समुद्र होता, पण लाट नव्हती. पाण्यावर उंडीची पांढरी फुलं तरंगत होती. उंडीच्या जागी आई उभी होती, पाठमोरी. तिचे केस वाऱ्यावर शिडासारखे फुगले होते.

‘‘गार वाजतं गो, आवडे,’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या पायांशी माती होती, ती गेली. आता कमरेशी सगळे मला आवळतात. मी डुलणारी. आवळून कशी राहू?’’

‘‘मग काय करू, आये?’’

‘‘नेसव मला.’’

आवडाई जागी झाली ती अंगावर आलेल्या पाण्याने. आकाश काळंठिक्कर झालं होतं, दक्षिणेकडून वादळ आलं होतं. काठी कडाकडा वाजत होती आणि प्रत्येक हेलकाव्याला तिच्या फटीतून पाणी धो धो आत कोसळत होतं. खलाशी उपसून थकले. पदाजीने कुऱ्हाड उचलली. काठी तोडली तर गलबत कदाचित तरलं असतं, पण शिडावाचून ते समोरच्या खडकांवर जाणार हेही त्याला दिसत होतं.

आवडाई काठीला मिठी मारून उभी राहिली. ‘‘आधी मला तोडा.’’

‘‘बाजूला हो, आवडे! सगळे बुडू!’’

‘‘पाचरी सैल करा. सगळ्या नको, एकाआड एक. तिला डुलू द्या. पाण्याचं मी बघते.’’

पदाजीने तिच्या डोळ्यांत पाहिलं. काय दिसलं ते त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्याने कुऱ्हाड उलटी केली आणि तिच्या बोथट बाजूने पाचरी सैल केल्या. आवडाईने गाठोडं सोडलं. दिव्यासाठी आणलेलं उंडीचं तेल लुगड्यावर ओतलं आणि ते काठीभोवती लपेटलं. निऱ्या घालून मधे मुद्दाम ढिलं सोडलं. वरची कड काथ्याच्या दोरीने काठीला बांधली, खालची भोकाभोवतीच्या लाकडी कड्याला. शेवटची गाठ मारताना तिने लाकडाला कान लावला.

‘‘दाटत नाही ना गो?’’

काठी हलकेच करकरली. तिने गाठ मारली.

त्यानंतर काठी डुलत राहिली, लुगडं तिच्यासंगे फुगत-मिटत राहिलं, पण पाण्याचा थेंब आत आला नाही. वादळात उंडीच्या फुलांचा वास सुटला, असं त्या गलबतावरचे खलाशी मरेपर्यंत सांगत होते. खडक कधी मागे पडले ते कुणालाच कळलं नाही. वादळ ओसरलं तेव्हा समोर आवडाईच्या माहेरचा किनारा होता आणि तिचा बाप काठी टेकत वाळूत उतरत होता.

हंगाम सरल्यावर लुगडं सोडायला गेले, तर ते सुटेना. तेल आणि मीठ पिऊन ते सालीसारखं झालं होतं, तांबडा काठ लाकडात उतरला होता. पदाजीला वाईट वाटलं. ‘‘तुझ्या आईची तेवढीच आठवण होती.’’

आवडाईने काठीवरून हात फिरवला. ‘‘राहू दे. तिला लागतं ते,’’ म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, आईसाठी पोटभर रडली.

आजही खारवण्याची बाई शेवटची गाठ मारण्याआधी लाकडाला कान लावते आणि तेच विचारते. मग गलबतावर कुणी बोलत नाही. वाऱ्याने काठी जराशी करकरली, की गाठ पडते. कधी कधी वारा अगदी पडलेला असतो. तेव्हा सगळे तसेच उभे राहतात, गलबत लोटायची भरती उतरून गेली तरी.