मधला मंत्री आणि सुईण सिदोनी

फ्रान्स देशात वालमोराँ नावाचा एक मंत्री होता. ना डावीकडचा, ना उजवीकडचा. मध्येच बसून त्यानं तीस वर्षं खुर्ची उबवली. डोंगरातल्या एका गावचं बाळंतपणाचं इस्पितळ एक पक्ष बंद करा म्हणे, दुसरा चालू ठेवा म्हणे. यानं मधला मार्ग काढला: आठवड्यातून तीनच दिवस उघडायचं.

पहिल्याच बंद दिवशी गावातल्या मादलेनला कळा सुरू झाल्या; दूरच्या शहरातल्या इस्पितळात नेताना तिचं बाळ घाटात, गाडीतच गेलं. सुईण सिदोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावची रीत अशी, की आलेल्या पुढाऱ्यानं गाऱ्हाण्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं उत्तर लिहायचं. मंत्री आला तशी सिदोनीनं वही पुढे सरकवली. आत नऊ गरोदर बायांची नावं.

"साहेब, प्रत्येकीपुढे वार लिहा. कुणी कधी बाळंत व्हायचं ते कळू दे."

मंत्री हसला. "बाई, ते का माझ्या हातात आहे?"

"नाही ना? पोटातलं पोर तुमच्यासारखं मध्येच बसून राहत नसतं, साहेब. दार बंद असलं तरी ते येतंच."

मादलेन समोरच उभी होती. मंत्र्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं मान खाली घालून लिहिलं, 'सातही दिवस,' आणि खाली सही केली. तीस वर्षांत एका बाजूनं लिहिलेलं त्याचं ते पहिलंच वाक्य.