माशांचं माहेर

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान होती आणि तळी मोठी. अशाच एका राज्यात, डोंगरांच्या मधोमध, एक विस्तीर्ण तळं होतं आणि काठावरच्या साऱ्या वाड्यांचं पोट त्या तळ्यावर चालायचं.

एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिथे साळू नावाची एक कोळीण आली. सोबत तिचा आंधळा सासरा होता. ज्या नदीवर त्यांच्या पिढ्या जगल्या, तिने पात्र बदललं होतं आणि जुन्या काठाला नुसती वाळू उरली होती. साळूचा नवरा आधीच वारला होता. वाटेत म्हाताऱ्याला ताप भरला. डोक्यावर एक बोचकं आणि खांद्यावर जाळं, एवढाच तिचा संसार होता.

तळं पाहून तिला हायसं वाटलं. पण परक्या पाण्यात विचारल्यावाचून जाळं टाकू नये, हे तिला घरच्या वळणामुळे ठाऊक होतं. म्हाताऱ्याला धर्मशाळेत निजवून ती आधी तळ्याच्या राखणदाराकडे गेली आणि मासे कुठे धरू देतात, ते तिने विचारलं.

राखणदार तसा वाईट माणूस नव्हता. पण दिवसभर लोकांशी हुज्जत घालून तो वैतागला होता. परवान्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. परवाना कोण देतं, कुठे देतं, त्याला काय लागतं, यातलं त्याने काहीच सांगितलं नाही.

मग ती घाटावर गेली. तिथले कोळी होड्या ओढून घेत होते. आणखी एक जाळं आलं म्हणजे आपल्या वाट्याचं कमी होणार, असं त्यांच्या मनात आलं. एक म्हणाला, इथे आमच्या होड्या लागतात. दुसरा म्हणाला, पलीकडचा काठ आमच्या भावकीचा आहे. कुठे नाही, ते सगळ्यांनी सांगितलं. कुठे चालेल, ते कोणीच सांगितलं नाही. साळूला वाटलं, आणखी विचारलं तर गावातूनच हाकलतील. तिने विचारणं सोडून दिलं.

काठाकाठाने चालत ती पार टोकाला पोचली. तिथे डोंगरातून येणारा एक ओढा तळ्याला मिळत होता. पाणी उथळ होतं, लव्हाळं दाट होतं आणि आसपास एकही होडी नव्हती. इथे कोणीच येत नाही, म्हणजे इथे कोणाची हरकतही नसेल, असं तिने मनाशी ठरवलं आणि जाळं टाकलं.

जाळं एवढं भरलं की तिला एकटीला ओढवेना. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी म्हाताऱ्याच्या पोटात गरम कालवण गेलं. उरलेली मासळी धर्मशाळेतल्या वाटसरूंना विकून तिने तांदूळ आणले.

मासळी चिरताना तिच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, आहे. कोळ्याच्या घरात वाढलेल्या बाईला याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. तिचे हात थबकले. पण आत म्हातारा खोकत होता. अजून थोडे दिवस, त्याचा ताप उतरेपर्यंतच, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती पुन्हा त्याच जागी गेली.

ताप उतरला. म्हातारा उठून बसला आणि मासळी साफ करायला तिला मदत करू लागला. एक मासा हातात घेऊन त्याने त्याच्या फुगलेल्या पोटावरून बोटं फिरवली. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "जाळं कुठे टाकतेस?"

साळूने खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याने हातातला मासा खाली ठेवला.

"आपल्या नदीवर अशा जागेला माहेर म्हणायचे," तो म्हणाला. "मासळी तिथे बाळंतपणाला येते. मला जगवायला तू तिथे गेलीस, हे मला कळतं. पण आता जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी साळू जाळं घेऊन निघाली, ती थेट राखणदाराकडे गेली आणि आपण काय केलं ते तिने स्वतःहून सांगितलं. राखणदाराचा चेहरा उतरला. ओढ्याच्या तोंडाशी जाळं टाकणाऱ्याचं जाळं जाळायचं आणि त्याला शिवेबाहेर घालवायचं, असा त्या राज्याचा कायदा होता.

तळ्याचा कारभार एका वृद्ध बाईकडे होता. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काच्या अंगणात गाव जमलं. साळू मान खाली घालून उभी राहिली. जाळं घालवून बसल्यावर आंधळ्या म्हाताऱ्याला घेऊन कुठे जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जाळं टाकण्याआधी कोणाला विचारलं होतंस का, असं आक्काने विचारलं. साळूने हो म्हटलं. राखणदार काय म्हणाला, घाटावरचे काय म्हणाले, तेही तिने कोणावर न चिडता सांगितलं. मग ती म्हणाली, "पण गाबोळी दिसल्यावर मला कळलं होतं, आक्का. तरी मी गेले. तो दोष माझाच आहे."

अंगणात कोणी कोणाकडे पाहीना.

"परवान्याला काही लागत नाही," आक्का म्हणाली. "माझ्या दारात यायचं आणि मी सांगते ते ऐकून घ्यायचं. जाळ्याचे डोळे मोठे ठेवायचे, म्हणजे पिल्लं निसटतात. पावसात ओढ्याकडे जायचं नाही. दक्षिणेचा काठ सगळ्यांचा आहे, तिथे कोणीही मासे धरावेत. एवढं हिला कोणी सांगितलं असतं, तर ही तिकडे गेली नसती. गाबोळी दिसल्यावर हिने जाणूनबुजून चूक केली, हे खरं. पण तिथवर हिला तुम्हीच ढकललंत. तेव्हा शिक्षा एकट्या हिला होणार नाही."

आक्काने जाळं जाळलं नाही. पिल्लं ओढ्यातून तळ्यात उतरेपर्यंत गावातल्या कोणीच जाळं टाकायचं नाही, असं तिने ठरवलं. साळूने आणि राखणदाराने मिळून ओढ्याची राखण करायची होती.

ते दिवस कठीण गेले. घरोघरी नुसती नाचणी आणि रानभाजी शिजत होती. काही घरांतली माणसं लाकूड तोडायला दूरच्या रानात गेली. साळूबद्दल कडू बोलणारेही होते. पण घाटावरच्या एका कोळ्याची बायको रोज म्हाताऱ्यासाठी भाकरी पाठवू लागली. राखणदार आणि साळू लव्हाळ्यात बसून बगळे हाकलत. तेवढ्या काळात त्याने तिला तळ्याचा कोपरा न् कोपरा सांगितला.

त्या वर्षी मासळी कमीच मिळाली. पुढच्या वर्षी त्याहून बरी, आणि त्यापुढे तळं पूर्वीसारखं भरलं. आक्काने साळूला परवान्याची तांब्याची मुद्रा दिली आणि दक्षिण काठाला तिचं खोपटं उभं राहिलं. राखणदार मात्र पार बदलला. कोणी जाळं घेऊन शिवेवर दिसलं, की तो स्वतः त्याला आक्काच्या दारापर्यंत नेऊन सोडी आणि मासे धरायची जागा दाखवूनच परत येई.

बोध एवढाच: माहीत नसेल तर पुन्हा विचारायला लाजू नये, आणि कोणी विचारलं तर नुसतं नाही म्हणून न थांबता त्याला वाट दाखवावी.