डाळिंबं मोजणारी शोधशाळा

फार फार वर्षांपूर्वी डोंगराळ मुलखात एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक शोधशाळा होती. ज्याला जे कोडं पडेल ते त्याने सोडवत बसावं, जेवण राजाकडून, अशी तिथली रीत.

मग काय, तिथे काय नव्हतं! एक गृहस्थ दगड चाटून डोंगराची तब्येत सांगायचे. त्यांना सगळे दगडशास्त्री म्हणत. एक बाई गावोगावी राहून माणसं का रुसतात याचा अभ्यास करायच्या, त्या रुसवेबाई. कुणी वाऱ्याच्या मागे, कुणी गांडुळांच्या मागे. एकाने तर जांभईलाच जन्म वाहिला होता. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत तर बोलणाराही त्याच्याच कामाला लागायचा.

या सगळ्यांना सांभाळायला अक्का होत्या. वय चाळिशीच्या पुढचं, गुडघ्यांचं त्याहून जास्त. आपण पाठ फिरवल्यावरच दूध नेमकं उतू का जातं, हे शोधायला त्या तरुणपणी इथे आल्या होत्या. ते राहिलं बाजूला. आता त्या दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या.

"अक्का, या रुसवेबाई नुसत्या गप्पा मारत फिरतात हो. याला काय शोध म्हणायचं?" दगडशास्त्री सकाळीच दारात.

"आणि दगड चाटायचे याला काय म्हणायचं? न्याहारी?" रुसवेबाई त्यांच्या मागेच उभ्या.

"दोघंही आत या," अक्का म्हणायच्या. "भांडण निदान एकदाच ऐकते."

एके दिवशी राजाने अक्कांना बोलावलं. "शोधशाळेत मोठं काम कुणाचं? सगळ्यांना एकाच मापाने मोजा. ज्याचं भरेल त्याला ठेवा. उरलेल्यांना घरी पाठवा."

अक्का परतल्या त्या डोकं धरूनच. वारा कशाने मोजायचा? रुसवा कशाने? आणि जांभईवाल्याला घरी तरी कोण घेणार? कितीही वैताग दिला तरी ही सगळी त्यांचीच माणसं होती. एकालाही हाकलायला मन होईना.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. राजाच्या बागेतली डाळिंबं झाडावरच तडकत होती. राजाला त्याची भारी हळहळ. अक्कांनी फर्मान काढलं, "आजपासून सगळ्यांनी एकच शोध लावायचा. डाळिंबं का तडकतात? किती तडकली, किती नाही, रोज मोजायचं. दुसरा विषय माझ्याकडे आणायचा नाही."

सगळ्यांचं काम सारखं, तर सगळ्यांचं माप सारखं. कुणाला घरी जायला नको. आणि आपल्यालाही जरा पाठ टेकायला मिळेल, असं त्यांच्या मनात आलं. थकलेल्या माणसाच्या मनात येतंच तसं.

शोधशाळा बागेत गेली. दगडशास्त्री डाळिंबं मोजू लागले, रुसवेबाई डाळिंबं मोजू लागल्या. जांभईवाला मोजता मोजता झोपायचा आणि शेजाऱ्याचा आकडा आपला म्हणून सांगायचा. राजा खूश झाला. अक्कांच्या दारात शुकशुकाट झाला. कित्येक वर्षांनी त्या दुपारच्या आडव्या झाल्या.

तेवढ्यात दगडशास्त्री आले.

"अक्का, मी जरा डोंगराकडे जाऊन आलो. राहवलं नाही. वरच्या अंगाला लांबलचक भेग पडलीय."

"डाळिंबाला पडलीय का?"

"नाही, डोंगराला."

"मग ती मोजायची नाही. शास्त्रीबुवा, हात जोडते, जरा पडू द्या मला."

शास्त्रीबुवा गेले. अक्कांनी कूस बदलली.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. ते अक्कांचं माहेर. तिथे त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी राहत. शोधशाळेत आल्यापासून अक्कांना तिकडे जायला सवडच मिळाली नव्हती.

पाऊस लागून राहिला होता. काही दिवसांनी दगडशास्त्री पुन्हा आले, ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. या वेळी त्यांनी विचारायची वाटच पाहिली नाही.

"भेग रुंदावलीय. झाडं कलायला लागलीत. गावातला झरा गढूळ झालाय. अक्का, डोंगर खाली येणार. आज येईल नाहीतर उद्या."

अक्का ताडकन उठल्या. गुडघ्यांनासुद्धा कुरकुरायला वेळ मिळाला नाही. राजाकडून त्यांनी दवंडीवाला घेतला आणि त्याला पुढे पिटाळलं. "गावात जाऊन सांग, घरं सोडा आणि पलीकडच्या माळावर जा. जोरात पीट, कोपऱ्यातल्या घरातसुद्धा ऐकू जायला हवं." मागून त्या स्वतः निघाल्या. बरोबर दगडशास्त्री, आणि बागेतून हाताला लागले ते चार जण. त्यांत रुसवेबाईही होत्या.

गावात पोचून बघतात तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारं बंद, खिडक्या बंद, चुलीसुद्धा विझवलेल्या. दवंडीवाला घाम गाळत ढोल बडवत होता. तो जितका जोरात बडवायचा तितक्या आतून कड्या लागायच्या.

"हे असं काय करतायत?" अक्का हतबल झाल्या. "माझ्या लहानपणी दवंडी आली की आम्ही पोरं नाचायचो!"

"तुमच्या लहानपणाला फार दिवस झाले, अक्का," रुसवेबाई म्हणाल्या. "थोरल्या महाराजांनी किल्ला बांधला तेव्हा हीच दवंडी पिटून इथली माणसं वेठीला धरून नेली. बरीचशी परत आलीच नाहीत. तेव्हापासून ढोल वाजला की हे लोक दडून बसतात. मी इथे राहून गेलेय. अख्खं गाव राजावर रुसलेलं आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, दुसरा विषय नको."

अक्कांनी रुसवेबाईंचा हात धरला.

"आता काय करायचं ते तरी सांगा."

"ढोल थांबवा. आणि मागच्या बाजूने जाऊन गोठे उघडा. ही माणसं राजासाठी दार उघडणार नाहीत, पण म्हैस सुटली तर जेवत्या ताटावरून उठून पळतील."

"हाकायची कुठल्या अंगाने?" गांडूळवाल्याने विचारलं.

दगडशास्त्रींनी माळाकडे बोट दाखवलं. "तिकडे. तो कातळ पक्का आहे. ओढ्याच्या बाजूला एकही जनावर जाऊ देऊ नका."

ढोल थांबला. गोठे उघडले. म्हशी माळाच्या दिशेने सुटल्या, आणि त्यांच्यामागे गाव सुटलं. बाया कडेवर पोरं घेऊन, बाप्ये अर्ध्या कपड्यांनिशी, म्हाताऱ्या काठ्या उगारून. "अगं, थांब गं भवाने!" "कुणा मेल्याने दावं सोडलं?" शिव्या देत देत सगळे माळावर चढले.

अजून म्हशी पुरत्या हाती लागल्या नव्हत्या, तोच मागे डोंगर बसला. सावकाश, जड, एखाद्या दमलेल्या माणसाने खाली बसावं तसा. धूळ नव्हती, नुसता चिखल होता. तो थांबला तेव्हा गाव दिसत नव्हतं.

शिव्या थांबल्या. माणसं एकमेकांना चाचपून बघू लागली.

अक्का गर्दीत भावाला शोधत होत्या. वहिनी दिसल्या. एकट्याच एका दगडावर बसल्या होत्या.

"दादा कुठे आहे?"

"घरातच, वरच्या माळ्यावर होते," वहिनी म्हणाल्या. "वेठीत त्यांचा पाय गेला तेव्हापासून ढोल वाजला की माळ्यावर जाऊन बसायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. मी खालून हाका मारल्या. म्हणाले, राजाची माणसं गेली की उतरतो." मग त्यांनी विचारलं, "वन्सं, आज ढोल कुणी पाठवला होता?"

"मी," अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्याशेजारी खाली बसल्या.

पुढे राजाने दरबार भरवला आणि विचारलं, "गाव वाचवलं कुणी? त्याचंच माप मोठं धरू."

"शास्त्रीबुवांना डोंगर कळत होता, रुसवेबाईंना माणसं कळत होती," अक्का म्हणाल्या. "डोंगर कळून माणसं बाहेर आली नसती, आणि माणसं कळून डोंगर थांबला नसता. मी दोघांनाही डाळिंबं मोजायला बसवलं. त्या मापात माझा भाऊ गेला महाराज. आता दुसरं माप मागू नका."

राजाची मान खाली गेली. त्याने माप मागणं सोडलं, आणि त्या मुलखात दवंडी पिटणंही बंद केलं.

शोधशाळा पुन्हा आपापल्या कोड्यांकडे वळली. सकाळ झाली की अक्कांच्या दारात पुन्हा गर्दी, पुन्हा तक्रारी. अक्का पहिल्यापेक्षा जास्तच थकायच्या. पण दुपारी कुणी येऊन "अक्का, एक सांगायचं होतं" म्हणालं, की त्या उठून बसायच्या आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. विषय कुठलाही असो.

तात्पर्य: प्रत्येक शोधाचं माप वेगळं असतं, सगळ्यांना एकच माप लावलं की गरजेच्या वेळी नेमकं हवं तेच ज्ञान हाताशी राहत नाही.