देवळाकडचा दोर

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. तेव्हा मोजायला कोणी बसलं नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण असल्या चुका मोठेच करतात.

उत्तरेला, जिथे डोंगर संपतच नाहीत, तिथे एक गाव होतं. अर्धं वर्ष तिथे बर्फ. वादळ सुटलं की भर दुपारीही सगळं पांढरं, स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. गोठ्यात जायला निघालेला माणूस बर्फ वितळल्यावर सापडायचा.

म्हणून गावाची एक रीत होती. बर्फ पडायच्या आत बकरीच्या केसांचे दोर वळायचे आणि घराघरांत बांधायचे. या दारच्या खांबापासून त्या दारच्या खांबापर्यंत. शेवटचं घर थोरल्या भावाचं. त्याच्या दारातून दोर पुढे देवळात जायचा. दोर धरून कोणीही कोणाकडे जावं, ज्याला देव हवा त्याने देवाकडे जावं. आपल्या खांबाची गाठ ज्याची त्याने मारायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही.

हा थोरला मोठा देवभक्त. देवळातली घंटा वाजवल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. शेजारचं घर धाकट्या भावाचं. धाकट्याची भक्ती बेताची, तोंड मात्र मोठं. त्यांची आई सुईण. निम्मं गाव तिच्या हातांत पहिल्यांदा रडलं होतं.

त्या वर्षी थोरल्याची बकरी सुटली आणि धाकट्याने हिवाळ्यासाठी वाळत घातलेला मुळ्याचा पाला फस्त करून गेली. धाकटा चारचौघांत म्हणाला, "दादा, देवळात रोज घंटा वाजवतोस, एक बकरीच्या गळ्यात पण बांध. कुठे चरतेय ते तरी कळेल."

लोक हसले. थोरल्याने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "पाला तर गेलाच ना त्याचा."

"तुला तोच प्यारा. राहा मग त्याच्याचकडे."

आई धाकट्याकडे राहायला गेली. भांडली नाही. दोन मुलगे वाढवून माणूस जेवढं दमतं तेवढी ती दमली होती.

संध्याकाळी थोरल्याने भावाकडच्या दोराची गाठ सोडली. देवळाकडची मात्र ओढून आणखी घट्ट केली. बायकोने पाहिलं.

"अहो, माझे दिवस भरत आलेत. आत्याबाई तिकडून येणार कशा?"

"देव आहे."

"देव सुईण आहे का?"

"वेळ आली की बांधीन परत. डोकं खाऊ नकोस."

वेळ काय सांगून येते? दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि सोडलेलं टोक त्याखाली गेलं. ना धाकट्याला कळलं, ना गावाला.

पुढे एका दुपारी वादळ सुटलं आणि त्याच दुपारी थोरल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. थोरला दारात येऊन बर्फ उकरू लागला. दोराचं टोक काही हाती लागेना. आत बायको ओरडतेय, बाहेर वारा ओरडतोय. शेवटी त्याने देवळाकडचा दोर धरला, देवळात गेला आणि घंटा बडवत सुटला. देवा, वाचव. देवा, वाचव.

धाकट्याच्या घरी घंटा ऐकू आली. धाकटा म्हणाला, "दादाला वेड लागलंय. वादळात आरती करतोय."

"आरती नाही ती," आई उठली. "भ्यालाय तो. सूनबाईची वेळ झाली."

"आये, या असल्यात कुठे जातेस?"

"दोर आहे ना."

ती निघाली. दोर ढिला वाटला, पण बर्फाच्या ओझ्याने होतो तसा, असं तिला वाटलं. बर्फातून ओढत, हाताने चाचपत, दिशा चुकत ती पुढे गेली आणि खांब न लागताच दोर संपला. तिने टोक बोटांनी पाहिलं. तुटलेल्या दोराचं टोक विस्कटलेलं असतं. हे नीट होतं, गाठीचा पीळ अजून त्यात होता. म्हातारी समजायचं ते समजली.

परत फिरली असती तर सून गेली असती. दोर सोडून पुढे गेली असती तर स्वतः गेली असती. मग तिने हातमोजे काढले, कारण मोज्यातून दोर निसटत होता. टोक मनगटाला गुंडाळलं, मुठीत धरलं आणि तिथेच उभी राहून हाका मारू लागली.

थोरला देवळातून परत येत होता. दाराशी पोचला तर पांढऱ्यातून आवाज आला. त्याला वाटलं, देव बोलला. त्याने बर्फात गुडघे टेकले, हात जोडले.

"अरे गाढवा!" आवाज म्हणाला. "सोडलास होय रे दोर?"

देव असं बोलत नाही. हे आईच बोलते.

थोरल्याने कमरेचा सुरा काढला. देवळाच्या दोराला सुरा लावणं म्हणजे त्या गावात महापाप. दोर धरून तो पुन्हा देवळाकडे बराच मागे गेला आणि तिथे त्याने सुरा लावला. आपल्या खांबाला बांधलेला लांब तुकडा ठेवला, कापलेलं टोक कमरेला बांधलं आणि आवाजाच्या दिशेने गेला. आई सापडली. तिचा दोर त्याने आपल्या दोराला जोडला आणि तिला खेचत घरी आणलं.

आईचे हात लाकडासारखे झाले होते. ती शेकोटीजवळ बसून नुसतं सांगत राहिली आणि पुरुषाने कधी करू नये म्हणतात ते सगळं थोरल्याने केलं. मुलगी झाली. रडली. जगली.

वादळ थांबल्यावर थोरला म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे गेला. "मी देवाचा दोर कापला. प्रायश्चित्त सांगा."

पुजारी चूल फुंकत होता. त्याने मान वर केली नाही. "कापलास त्याचं काही नाही. आधी सोडलास ना, त्याचं बोल. तुझ्या दारावरूनच गाव देवळात यायचं. तू घंटा बडवत होतास आणि मी इथे बसून वाट बघत होतो, गावातलं कोणी का येत नाही म्हणून."

"मग काय करू?"

"मला काय माहीत? आईची बोटं परत आणता येतात का बघ."

आली नाहीत. आईची बोटं काळी पडली आणि गळून गेली. पुढच्या हिवाळ्यांत गावात आणखी बाळंतपणं झाली. ती दारात बसून ओरडून सांगायची, बायका जमेल तसं करायच्या. सगळीच सुखरूप सुटली नाहीत. कोणाच्या घरून रडण्याचा आवाज आला की थोरला हातातलं काम ठेवायचा आणि तसाच बसून राहायचा. त्याला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

बोध एवढाच: ज्याने भावाकडची गाठ सोडली, त्याने देवाकडची कितीही घट्ट बांधली तरी त्याच्या हातात नुसती दोरीच राहते.