नळीतलं पाणी

“सायफन म्हणजे नेमकं काय हो, प्रोफेसर?”

अच्युतबुवांनी तुरटीचा खडा पाण्यातून काढून फडक्यावर ठेवला आणि विचारलं.

देवस्थळी गडबडले. सकाळपासून एसटीत जे वाक्य ते घोकत आले होते, ते त्यांनी मठाच्या पायरीवर टेकताच बोलून टाकलं होतं. ‘बुवा, माझ्याच विद्यार्थिनीनं, त्या वृषालीनं, माझं आयुष्यभराचं ज्ञान सायफन करून नेलं.’ यावर बुवा काहीतरी धीराचं बोलतील, असं त्यांना वाटलं होतं. बुवांनी शब्दाचा अर्थ विचारला.

अर्थ विचारला की देवस्थळींना बरं वाटे. उभी हयात त्यांनी जुन्या पाणीयोजनांच्या अभ्यासात घालवली होती.

“वाकडी नळी,” ते म्हणाले. “एक टोक वरच्या भांड्यात, दुसरं खालच्या. पाणी आधी वर चढतं, मग उतरतं. कालवा ओढ्याखालून नेतात, त्यालाही सायफनच म्हणतात. संडासाच्या टाकीत असतो. गाडीतलं पेट्रोल तोंडानं ओढून काढतात, तोही सायफन. आणि हल्ली कुणी संस्थेचा पैसा गुपचूप दुसरीकडे वळवला, की पेपरवाले लिहितात, सायफन केला.”

“यातला तुमचा कोणता?”

“शेवटचा.”

“हं...”

बुवा पाण्यात बघत राहिले. मठ नदीकाठचा, लहानसा. वरच्या अंगाला पाऊस झाला की नदी गढूळ होई. मग पितळी पातेलं चौरंगावर ठेवून त्यात तुरटी फिरवायची, गाळ तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी नळीनं खालच्या कळशीत घ्यायचं, अशी इथली रीत. पातेलं कलंडवलं तर गाळ उठतो. नळी होती सलाईनची, जुनी, आरपार दिसणारी.

“उद्या तिच्या कॉलेजात चौकशी समिती बसतेय,” देवस्थळी म्हणाले. “मी एवढंच म्हणायचं, की तिच्या पुस्तकातलं विवेचन माझं आहे. तिची नोकरी जाईल.”

“आणि आहे का तुमचं?”

“शब्दन् शब्द. माझ्या ओसरीवर बसून ऐकलेला. प्रस्तावनेत माझं नाव एकदाच. तेही आद्याक्षरं चुकवून.”

“मग तुम्ही का नाही लिहिलंत?”

“लिहिणारच होतो. थोडं तपासायचं राहिलं होतं...”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर देवस्थळींना सोपं गेलं असतं.

“ती कुठं बसायची? ओसरीवर?”

“सतरंजीवर.”

“खुर्ची नव्हती?”

“माझी होती.” देवस्थळींनी चष्मा पुसला. “दुसरीही होती. तिच्यावर पुस्तकं असत.”

“ती स्वतः कॉलेजात शिकवायला लागली, तरी?”

“पुस्तकं होतीच ना तिथं.”

बुवांनी नळी त्यांच्या हातात दिली. “एवढं पाणी लावून द्या. माझा हात कापतो हल्ली.”

देवस्थळींनी एक टोक पातेल्यात सोडलं, दुसरं ओठांत धरलं आणि ओढलं. पाणी जिभेला लागताच टोक कळशीत टाकलं. धार सुरू झाली. आज पहिल्यांदाच त्यांना हातून काही धड झाल्यासारखं वाटलं.

“अहो, हे काय केलंत,” स्वयंपाकघराच्या दारातून सगुणाबाई म्हणाल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. “नैवेद्याचं पाणी ते. तोंड लावलंत? नळी पाण्यात बुडवून भरायची, टोकावर अंगठा धरायचा. पेट्रोल वाटलं होय तुम्हाला?”

देवस्थळींचे कान तापले. एवढी पुस्तकं वाचली, आणि सोवळ्यातल्या पाण्याला तोंड लावायचं नसतं, हे सुचू नये?

“चुकलं,” ते म्हणाले. “मी... दुसरं आणतो भरून.”

“थांबा,” बुवा म्हणाले. “सगुणाबाई, उष्टं कोणतं झालं?”

“कळशीतलं. वरचं अजून चांगलं आहे.”

“बरं.”

बुवांनी कापऱ्या हातांनी कळशी उचलली आणि चौरंगावर पातेल्याशेजारी ठेवली. नळीची दोन्ही टोकं पाण्यातच होती. धार मंदावली. मग थांबली. नळी मात्र भरलेलीच.

“का थांबलं?”

“पाण्याची पातळी एक झाली. आता ओढ नाही.”

“एवढंच?”

“एवढंच, बुवा. सायफन रिकामं करत नाही. दुसरं भांडं खाली असेल, तेवढंच...”

देवस्थळी बोलता बोलता थांबले.

बुवांनी कळशी आणखी वर उचलली, छातीशी धरली. नळीत एक बारीक बुडबुडा होता. तो क्षणभर घुटमळला आणि उलट्या दिशेनं निघाला. कळशीतलं पाणी पातेल्यात परत येऊ लागलं.

“झालं,” सगुणाबाई म्हणाल्या. “आता वरचंही गेलं. देवाला आज उपास.”

देवस्थळी बुडबुड्याकडे बघत होते.

एका संध्याकाळी वृषालीनं विचारलं होतं, सर, पाणी चढायला लागतं तेव्हा त्याला पलीकडचा उतार दिसत नसतो. मग ते चढतं कशाच्या भरवशावर? त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि जे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. त्या रात्री त्यांना किती दिवसांनी स्वस्थ झोप लागली होती. पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान तेच होतं. परवा त्याच पानावर त्यांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : माझं.

उत्तर त्यांचं होतं, हे खरं. तिनं त्यांना विचारायला हवं होतं, हेही खरं. पण तो प्रश्न... तो कुणाचा होता?

“हात भरून आला,” बुवा म्हणाले.

देवस्थळींनी उठून कळशी घेतली. खाली ठेवायला वाकले, थांबले आणि ती पातेल्याशेजारी चौरंगावरच ठेवली. पाणी पुन्हा स्थिरावलं.

सगुणाबाई घागर घेऊन नदीकडे निघाल्या. “तुरटी फिरवायला बसा आता दोघं,” त्या जाता जाता म्हणाल्या. “आणि तोंडं मिटून.”

देवस्थळींनी फडक्यावरचा तुरटीचा खडा उचलला आणि परत ठेवला.

“बुवा,” देवस्थळींनी अखेर विचारलं, “उद्या समितीपुढं मी काय सांगू?”

बुवांनी नळी पाण्यातून काढली, झटकली आणि खुंटीला अडकवली.

“तिला बसायला खुर्ची दिलीय का, तेवढं आधी बघा.”