धुरपदाबायचा दोर

जहाजं दिवे विझवून समुद्रावरून जात, त्या लढाईच्या दिवसांतली ही गोष्ट. जे तिथे होते त्यांच्यातलं आता कोणी उरलं नाही. पण केळथरला कुणालाही विचारा, तो स्वतः पाहिल्यासारखी सांगेल.

केळथर म्हणजे खाडीच्या तोंडाशी चाळीसेक घरं. मागे सरळसोट कडा आणि कड्यावर उघडा कातळाचा सडा. गावाला रस्ता नव्हता, जे यायचं ते पाण्यातून यायचं. त्या गावात धुरपदाबाय राहायची. तिचा नवरा लाडू तांडेल होडी घेऊन मासे मारायला जाई आणि ती घरी सुंभ वळी. एकीने चाक फिरवायचं आणि दोघींनी काथ्या हातात धरून मागे मागे चालत जायचं, अशी ती रीत. चाक कायम धुरपदाबायकडे. ती डोळे मिटून फिरवायची. वीस हातांवर पीळ कच्चा पडला की तिला तो मुठीतून कळायचा. असं म्हणतात, तिच्या हातांना डोळे होते.

एका मार्गशीर्षात दोन पडाव, मालाची मोठी गलबतं, खाडीत शिरले. त्यांत गोरे शिपाई होते, देशी शिपाई होते आणि मोठमोठ्या लाकडी पेट्या होत्या. सगळं गाव लागलं तेव्हा त्या पेट्या दोर लावून कड्यावर चढल्या. तीन आठवड्यांत सड्यावर लाकडी मनोरा उभा राहिला. त्याच्या माथ्यावर बाजेएवढी तारांची जाळी बसली आणि पायथ्याशी एक खोली झाली. खोलीत यंत्र होतं. यंत्र समुद्रावर काहीतरी फेकायचं, ते जहाजावर आपटून परत यायचं आणि यंत्राच्या काचेवर ठिणगी उमटायची. डोळ्यांना न दिसणारं जहाज असं काचेवर दिसायचं. काचेपुढे कारवारकडचा पै नावाचा तरुण बसे. त्याच्यावर हॅरिस नावाचा गोरा साहेब.

साहेबाने पहिल्याच दिवशी गावाला ताकीद दिली. किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही, जाळ करायचा नाही, ढोल वाजवायचा नाही. इथे माणसं आहेत हे शत्रूला कळता कामा नये. धुक्यात होड्यांना वाट कळावी म्हणून गाव पूर्वीपासून ढोल वाजवी. तो ढोल आढ्याला टांगला गेला.

वरची जाळी सारखी फिरवत ठेवावी लागे आणि ती हाताने फिरायची. खोलीत एक लोखंडी दांडा होता, तो गरगर फिरवायचा. त्या कामावरचे दोघे शिपाई हिवतापाने आडवे झाले, तेव्हा पै गावात आला आणि म्हणाला, एकसारखा हात चालणारं कोणी हवंय. लोकांनी धुरपदाबायचं घर दाखवलं.

ती गेली. पहिले दोन दिवस तिने मुकाट दांडा फिरवला. तिसऱ्या दिवशी तिचा हात मध्येच थांबला.

"हय जड लागता," ती म्हणाली.

पैने काचेत पाहिलं. काहीच नव्हतं. साहेब हसला. पण थोड्या वेळाने नेमक्या त्याच दिशेला ठिणगी उमटली आणि लांबून एक जहाज आलं. पुढच्या आठवड्यात असं चारदा झालं. मग साहेब हसायचा थांबला. असं म्हणतात, त्यानंतर तो तिच्या हातांकडे बघायचं टाळी.

माघात एका सकाळी सात होड्या बाहेर पडल्या. एकीवर लाडू होता. सूर्य वर आला आणि त्याच्यामागून धुकं आलं. आमच्याकडे धुकं येतं आणि उन्हं तापली की जातं. हे गेलं नाही. दुपार झाली तरी हात लांब केला तर बोटं दिसेनात. बायका किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. कुणीतरी आढ्याचा ढोल काढला, तर शिपायाने तो हिसकावून घेतला.

वर खोलीत धुरपदाबाय दांडा फिरवत होती. एकाएकी तिचा हात अडकला. जाळी नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी राहिली.

"फिरव," साहेब म्हणाला. त्या दुपारी आपली जहाजं तिथून जायची होती आणि बाकीचा सगळा समुद्र न पाहिलेला राहत होता. पैने तिला मराठीत सांगितलं, "धुरपदाबाय, फिरवा. साहेब रागावलाय."

"मिया हात सोडलंय तर दोर तुटतलो," ती म्हणाली.

खोलीत दोर कुठेच नव्हता. साहेबाने दोन शिपाई बोलावले. त्यांनी तिचे हात धरून ओढले, मग दांडा ओढला. दांडा तसूभर हलला नाही. एक शिपाई घाबरून बाहेर गेला आणि परत आत आलाच नाही. तेवढ्यात पैने साहेबाची बाही ओढली. काचेवर एक बारीक उजळ रेघ उमटली होती, मधोमधून थेट कडेपर्यंत. अशी रेघ त्या यंत्रावर त्याने कधी पाहिली नव्हती. आणि रेघेवर, दोरात ओवल्यासारख्या, ठिणग्या सरकत होत्या. खाडीच्या तोंडाकडे.

साहेब खुर्चीवर बसला. 

लाडूच्या होडीवरच्या माणसांनी पुढे सांगितलं की वाट पार हरवली होती, खडकांवर लाटा फुटल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता. आणि अचानक नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, कोणीतरी दोर बांधून ओढावं तशी होडी वळली. लाडू तांडेलाने सुकाणू फिरवून पाहिलं, होडी ऐकेना. धुक्यात कुठेतरी सुंभाचं चाक फिरल्यासारखी घरघर येत होती. त्याने सुकाणूवरचा हात काढला आणि बसून राहिला.

एकेक करून होड्या किनाऱ्याला लागल्या. खालून हाका आल्या, सातही आल्या. पैचा जीव भांड्यात पडला.

"सोडा आता, बाय. सगळे आले."

"अजून एक होडी रवली हा."

पैने काचेत पाहिलं. रेघ तशीच होती. तिच्यावर आठवी ठिणगी होती, मंद, हळूहळू येणारी. गावातून बाहेर सातच होड्या पडल्या होत्या.  "कोण आहेत ते?" त्याने विचारलं.

"माका काय ठावक? येतत, तर येवंदेत."

ती तासभर तशीच दांडा धरून उभी राहिली. तिचे दंड थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. शेवटी ठिणगी किनाऱ्याला टेकली आणि विझली. रेघही विझली. दांडा आपोआप अर्धा वेढा फिरला आणि धुरपदाबाय खाली बसली. पैने तिच्या मुठी उघडल्या. दोन्ही तळवे सोलवटले होते. रक्तात काथ्याचे ओले तंतू चिकटले होते आणि त्यांना खारट वास येत होता.

खाली बायकांनी काय पाहिलं, ते त्या मरेपर्यंत हलक्या आवाजात सांगत. धुकं विरलं तेव्हा सात होड्यांच्या शेजारी वाळूत आणखी एक चर होता. पाण्यातून होडी वर ओढल्यावर उमटतो तसा खोल, ताजा, पाणी झिरपणारा. चराच्या टोकाला काही नव्हतं. तिथून अनवाणी पावलं गावाकडे निघाली होती आणि पहिल्या माडापाशी संपली होती. कुणाची होडी, कुठल्या सालातली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या समुद्राने केळथरची बरीच माणसं ठेवून घेतलेली आहेत.

धुरपदाबायने पुन्हा दांडा धरला नाही. तिचे तळवे भरून आले, पण असं म्हणतात की त्यांवर पुढे रेषा उमटल्या नाहीत, नुसता दोराचा पीळ उमटला. लढाई संपली, शिपाई यंत्र घेऊन गेले. मनोरा वादळात पडला. ती म्हातारी होऊन गेली.

आजही केळथरला शेवटची होडी वर घेतली की माणसं लगेच घरी जात नाहीत. वाळूत आणखी एक होडी वर सरकवता येईल इतके ओंडके मांडतात. दोराचं एक टोक पाण्यात सोडतात आणि दुसरं गावातली सगळ्यात जाणती बाई हातात धरून उभी राहते.  थोड्या वेळाने ती म्हणते, "धुरपदाबाय, सगळे इले," आणि दोर गुंडाळते.

बहुतेक दिवशी दोर हलकाच असतो. कधी कधी ती बाई काही बोलत नाही, फक्त पाय वाळूत रोवते. मग बाकीच्या जणी काही न विचारता पुढे होतात आणि दोराला हात लावतात.